रिफर्बिश्ड लॅपटॉप घ्यावा काय?

कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीसाठी लॅपटॉप हवा, पण नव्याची किंमत ऐकून गप्प बसावे लागते, अशी अवस्था आज असंख्य कुटुंबांची आहे. छोट्या व्यापाऱ्याचेही तेच. टॅलीत हिशेब ठेवणे, जीएसटीचे विवरणपत्र भरणे, गिऱ्हाइकाला कोटेशन पाठविणे ही कामे मोबाइलवर धड होत नाहीत. अशा वेळी निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीचा 'रिफर्बिश्ड' लॅपटॉप मोहात पाडतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, असा माल तेथे भरपूर मिळतो. तो घ्यावा काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे, मात्र दोन अटींवर. एक, त्याचा प्रोसेसर फार जुन्या पिढीचा नसावा. दोन, दुकानदाराने पक्के बिल व लेखी वॉरंटी द्यावी. यांपैकी एक जरी अट पुरी होत नसेल तर सौदा कितीही स्वस्त असो, दुकानाची पायरी उतरावी हे बरे.

प्रथम हा माल येतो कोठून ते पाहू. मोठ्या कंपन्या, बँका, आयटी उद्योग हे लॅपटॉप शेकड्यांनी विकत किंवा भाड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी एकदम बदलतात. हा काढून टाकलेला माल व्यापारी घाऊक उचलतात, साफसफाई करतात, नादुरुस्त भाग बदलतात, विंडोज नव्याने टाकतात आणि विकतात. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, लेनोव्होचे थिंकपॅड ही नावे या बाजारात वारंवार दिसतात ती याच कारणाने. वास्तविक पाहता हीच या मालाची जमेची बाजू होय. हे लॅपटॉप मुळात कार्यालयीन वापरासाठी मजबूत बनविलेले असतात. बिजागऱ्या भक्कम, कीबोर्ड चांगला, बऱ्याच मॉडेलांत रॅम व डिस्क वाढविण्याची सोय. नव्यातल्या सर्वांत स्वस्त लॅपटॉपमध्ये सेलेरॉन प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम पदरी पडते. त्यापेक्षा चार-पाच वर्षे वापरलेला चांगला आय-५ कितीतरी चपळ चालतो.

आता पहिली अट. 'आय-फाइव्ह आहे, डोळे मिटून घ्या' असे दुकानात सांगितले जाते. परंतु नुसत्या आय-५ ला काहीही अर्थ नाही. २०११ सालीही आय-५ होता आणि नंतरच्या कित्येक वर्षांतही होता. खरी गोष्ट त्यापुढच्या आकड्यात असते. आय-५ नंतर ६३०० असेल तर सहावी पिढी, ७३०० असेल तर सातवी, ८२५० किंवा ८३५० असेल तर आठवी. आकडा १० किंवा ११ ने सुरू होत असेल तर दहावी किंवा अकरावी. हा फरक एवढा महत्त्वाचा का? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला. नोंदणी करणाऱ्यांसाठी पुढे सुरक्षा-दुरुस्तीची मुदतवाढ जाहीर झाली, पण ती तात्पुरती सोय. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. आठवी पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप आज कितीही चकचकीत दिसला तरी त्याचे आयुष्य सरलेले आहे. काही दुकानदार पळवाट काढून जुन्या यंत्रावरही विंडोज ११ चढवून देतात. ते चालते, नाही असे नाही; पण त्यावर पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करायचे त्याच्या बाबतीत हा धोका पत्करू नये. एलिटबुक ८४० चे जी-३ हे मॉडेल सहाव्या पिढीचे व जी-४ सातव्या. ही दोन्ही स्वस्तात पुढे केली जातात, म्हणून नाव मुद्दाम दिले.

किमतीचा हिशेब लोक चुकीचा करतात असे आमचे निरीक्षण आहे. समजा, नवा लॅपटॉप ४५,००० रुपयांना पडला व सहा वर्षे चालला, तर वर्षाला ७,५०० रुपये झाले. रिफर्बिश्ड १८,००० ला घेतला, बॅटरीसाठी ३,००० घातले आणि तो तीन वर्षे चालला, तर वर्षाला ७,००० रुपये. फरक निम्म्याचा नाही, जेमतेम ५०० रुपयांचा! मग फायदा कशात? फायदा यात की एकदम ४५,००० उभे करावे लागत नाहीत आणि हप्त्यांच्या फेऱ्यात पडावे लागत नाही. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून जे दिले जाते त्यातही बँक सर्वसाधारणपणे व्याज लावतेच. तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो आणि व्याजावरचा जीएसटी ग्राहकाच्या माथी येतो. ज्यांना हप्ते नकोत, त्यांच्यासाठी रोखीचा जुना लॅपटॉप हा सरळ मार्ग आहे. पण तोच लॅपटॉप वर्षभरात बंद पडला तर नव्यापेक्षा दुपटीहून महाग पडला, हेही ध्यानात असू द्यावे.

दुकानात तपासणीला निदान अर्धा तास हवा. चार्जर काढून व्हिडिओ लावून ठेवावा आणि बॅटरी किती झपाट्याने उतरते ते पाहावे. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता व आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. तो दुकानदाराला काढून दाखवायला सांगावे. टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला तर बॅटरी सुजलेली असू शकते. तो नग घेऊ नये. पडद्यावर पांढरा रंग लावून डाग शोधावेत, प्रत्येक कळ दाबावी, सर्व यूएसबी खाचांत पेन ड्राइव्ह घालून पाहावा. डिस्क एसएसडीच असावी व रॅम किमान ८ जीबी. कंपनीच्या संकेतस्थळावर लॅपटॉपच्या तळाशी असलेला सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर टाकला की बहुधा त्याच्या वॉरंटीच्या तारखा कळतात. 'दोनच वर्षे वापरलेला' हे खरे की खोटे याचा अंदाज तेथेच येतो.

एक फसगत मात्र सहजी दिसत नाही. कंपन्यांचे लॅपटॉप त्यांच्या केंद्रीय व्यवस्थेत नोंदलेले असतात. ती नोंद काढलेली नसेल, तर विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडताच जुन्या कंपनीचा ईमेल व पासवर्ड मागितला जातो आणि यंत्र तेथेच अडते. बायोसला पासवर्ड असला तरी तीच गत. म्हणून दुकानदारासमोरच रिसेट करवून, इंटरनेट जोडून, बायोस उघडून पाहावे. यास नकार देणाऱ्याकडे थांबण्याचे कारण नाही. 'ए ग्रेड', 'बी ग्रेड' या शब्दांनाही भुलू नये. ही प्रतवारी बहुतेक ठिकाणी दुकानदारच ठरवतो आणि ती मुख्यतः बाहेरच्या ओरखड्यांची असते, आतल्या प्रकृतीची नव्हे.

आता बिलाविषयी. 'बिल नको असेल तर हजार-पाचशे कमी' हा प्रस्ताव आपल्या लोकांना गोड वाटतो. परंतु बिल नाही म्हणजे वॉरंटीचा पुरावा नाही, आणि माल चोरीचा निघाल्यास आपण तो सरळ मार्गाने घेतला हे दाखवायलाही काही नाही. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर, 'रिफर्बिश्ड' हा शब्द आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्यावेत. महाराष्ट्रातील दुकानाचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो व तो जीएसटीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. व्यापाऱ्यांनी आणखी एक विचारावे : जुन्या मालाचा विक्रेता फक्त आपल्या नफ्याच्या फरकावर कर भरत असेल, तर बिलात कर वेगळा दिसत नाही व इनपुट क्रेडिट मिळत नाही.

चित्रफितींचे संपादन, वास्तुशास्त्राचे आराखडे, जड ग्राफिक्स अशी कामे असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्याची रोजीरोटी एकाच यंत्रावर आहे आणि दोन दिवस ते बंद पडले तर काम हातचे जाते, त्यानेही शक्यतो नवाच घ्यावा. अभ्यास, टायपिंग, हिशेब, ऑनलाइन वर्ग यांसाठी मात्र चांगला रिफर्बिश्ड लॅपटॉप पुरेसा आहे.

घरी आणल्यावर पहिले आठ-दहा दिवस तो कसून वापरावा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे बिलावर छापलेले असले तरी घाबरू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे व जुना माल नवा म्हणून विकणे हेही त्यातच येते. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.