आकडा खरा कशावरून?

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढले. अशा नदीची पातळी मोजणारे यंत्र चुकून कसे चालेल?

समजा, यंत्रात 'ईएसपी-३२' ही बिनतारी चिप आहे. तिचे दोन परिवर्तक विद्युतदाबाचे ० ते ४०९५ अशा अंकांत रूपांतर करतात. मात्र त्यांची फूटपट्टी, म्हणजे १.१ व्होल्टचा संदर्भदाब, चिपगणिक १.० ते १.२ व्होल्ट असू शकतो! शिवाय वाय-फाय चालू असताना दुसरा परिवर्तक भरवशाचा नसतो. म्हणून पहिल्याचीच पिन वापरा. पिन व ग्राउंड यांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, अनेक वाचनांची सरासरी घ्या आणि मल्टिमीटरशी ताडून पाहा. मोजण्याआधी फूटपट्टी तपासावी, हेच खरे!