घाण्याचें तेल आणि घाण्याची पाटी

'लाकडी घाण्याचें शुद्ध तेल' ही पाटी लावण्यास घाणा लागत नाहीं; रंगारी पुरतो. मग यवतमाळच्या गिऱ्हाइकानें खरें तेल ओळखावें कसें? वास, रंग आणि तळाचा गाळ हे साक्षीदार खरे, पण फितूर होणारे. कारखान्यांतील रिफाइंड तेलांत थोडें घाण्याचें मिसळलें कीं तिघेही खोटी साक्ष देतात. थंडीनें गोठतें तेंच खरें, हा समजही लंगडा. शेंगदाण्याचें रिफाइंड तेलही गोठतें.

आमच्या मतें न फिरणारा साक्षीदार हिशेब होय. शेंगदाण्यांत सुमारें निम्में तेल असतें, आणि घाणा तें सगळें काढीत नाहीं. म्हणजे किलोभर तेलास अडीच किलोंच्या आसपास दाणे लागतात. त्यांच्या किमतींतून पेंडीचे पैसे वजा करावे, मजुरी मिळवावी. तेल याहून स्वस्त मिळालें, तर विक्रेत्याच्या औदार्यावर विश्वास ठेवूं नये.

आमचा जिल्हा कापसाचा. रिफाइंड सरकी तेलास वास जवळजवळ नसल्यानें तें कशांतही लपतें. प्रयोगशाळेंतील हाल्फेन परीक्षेंत मात्र तांबडा रंग येऊन उघडें पडूं शकतें. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचें ४० वें कलम गिऱ्हाइकास फी भरून अशी तपासणी करविण्याचा हक्क देतें. खरेदीच्या वेळींच दुकानदारास तसें सांगावें लागतें. दोष निघाल्यास फी परत मिळते.

शेजारच्या वर्ध्यास मगनवाडींत ग्रामोद्योग संघानें घाणा सुधारण्यासाठीं प्रयोग केले. त्या घाण्यावर पोट भरणारा माणूस आज खोट्या पाटीच्या भावापुढें हरतो, आणि तो भाव मोजणारे आपणच. घाणेवाल्यांनीं दाण्यांचा त्या दिवसाचा भाव पाटीवर लिहावा. रंगारी आलाच आहे, तर तेवढी एक ओळ अधिक.