बारा इंचांचा मोह

हार्डवेअरच्या दुकानात मायटर सॉ बघायला आलेल्या सुताराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती इंची?” त्यानंतर वॉट, मग किंमत. पट्टी किती रुंद कापायची आहे, हे ना गिऱ्हाईक सांगतं ना दुकानदार विचारतो. शेवटी बारा इंची पात्याचं धूड साईटवर येतं. लिफ्ट अजून सुरू न झालेल्या इमारतीत ते जिन्याने वर चढवलं जातं. आणि त्यावर कापलं काय जातं, तर चार इंची स्कर्टिंग आणि दाराभोवतीची पट्टी.

पातं मोठं म्हणजे काप रुंद, हा समज साध्या मायटर सॉपुरता खरा आहे. त्याचं पातं फक्त वरखाली होतं, त्यामुळे रुंदी व्यासावरच ठरते. मकिताचा एलएस १०४० हा दहा इंची साधा सॉ ६९ मिलिमीटर जाडीचं लाकूड १३० मिलिमीटर रुंदीपर्यंत कापतो. पाच बाय अडीच इंची चौकट सरळ कापायला एवढं जेमतेम पुरतं. पण तेच यंत्र ४५ अंशांवर फिरवलं की रुंदी नव्वदच्या आसपास उतरते आणि चार इंची पट्टी आडवी ठेवून मायटर मारायची सोय राहत नाही. इथे सुतार बारा इंचीकडे वळतो. साध्या बारा इंची यंत्राची सरळ कापाची रुंदी साधारण आठ इंच असते.

स्लायडिंगमध्ये मात्र हे गणितच बदलतं. डोकं दांड्यांवरून पुढेमागे सरकतं, म्हणून रुंदी दांड्यांच्या लांबीवर ठरते. बॉशच्या जीसीएम ८ एसजेएलचं पातं फक्त २१६ मिलिमीटरचं, म्हणजे साडेआठ इंची. तरी तो ७० मिलिमीटर जाडीपर्यंत ३१२ मिलिमीटर रुंद कापतो आणि ४५ अंशांवरही २१४ मिलिमीटर. साध्या बारा इंचीच्या दीडपट रुंदी त्याहून कितीतरी लहान पात्यात मिळते. वजन सतरा किलोच्या घरात. बारा इंची स्लायडर मॉडेलप्रमाणे पंचवीस ते बत्तीस किलो भरतात.

मोठ्या पात्याचा खरा फायदा उंचीत आहे. स्कर्टिंग फेन्सला, म्हणजे टेबलामागच्या उभ्या आधाराला, टेकवून उभी कापायची असेल तर बारा इंचीत सहा-साडेसहा इंचांची पट्टीही बसते, लहान यंत्रात ती बसत नाही. पण स्लायडरवर तीच पट्टी आडवी टाकून पातं ४५ अंशांत कलवता येतं. तेव्हा रुंदी तशीच राहते, फक्त जाडीची मर्यादा पन्नास मिलिमीटरच्या आत येते. पाऊण इंची स्कर्टिंगला तेवढी भरपूर झाली. जिन्याचे कठडे, जाड सागवानी खांब, तुळया असली कामं रोजची असतील तर बारा इंची घ्यावाच. फ्लॅटच्या फिनिशिंगला त्याची गरज क्वचित पडते, आणि त्याचं पातं दर वेळी धार लावताना आणि बदलताना जास्त पैसे मागतं ते वेगळंच.

एक गोष्ट कॅटलॉगमध्ये ठळक छापलेली नसते. दांडे मागे सरकतात त्या यंत्राला भिंतीपासून फूट-सव्वा फूट मोकळी जागा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत ही जागा म्हणजे कामाची निम्मी अडचण. फेस्टूल कापेक्स किंवा मकिताचा एलएस १२१९ यांचे दांडे मागे बाहेर येत नाहीत, आणि बॉशच्या जीसीएम १२ जीडीएलमध्ये दांड्यांऐवजी घडी पडणारे हात आहेत. ही यंत्रं भिंतीला जवळजवळ चिकटवून लावता येतात. महाग आहेत, पण तयार फ्लॅटमध्येच ज्याचं काम चालतं त्याने तो खर्च निदान मोजून तरी पाहावा.

आता आरपीएम. “याचे साडेपाच हजार फेरे आहेत, त्याचे फक्त अडतीसशे,” असं सांगून विकलेली यंत्रं कमी नाहीत. २१६ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ५५०० फेरे मारतं तेव्हा दातांचा वेग सेकंदाला सुमारे ६२ मीटर होतो. ३०५ मिलिमीटरचं पातं ३८०० फेऱ्यांत ६१ मीटरच्या आसपास पोचतं. मोठ्या पात्याला फेरे कमी असतात ते याच हिशेबाने, यंत्र अशक्त म्हणून नव्हे. वॉटचंही तसंच. १६०० वॉटचं यंत्र २३० व्होल्टला सात अँपिअर ओढतं. ३० मीटर लांब, १ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्येच सात-आठ व्होल्ट जातात आणि अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या हलक्या वायरमध्ये पंधरा. मोटर गुरगुरते, पातं दमतं आणि दोष यंत्राच्या माथी येतो.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र हाताच्या सवयीत आहे. डोकं सरकतं म्हटल्यावर ते चालू करून आपल्याकडे ओढत कापायचं, असं अनेकांना वाटतं. हे आलं कुठून? अमेरिकेत रेमंड ड'वॉल्ट यांनी विसाव्या शतकाच्या विशीत आणलेला रेडियल आर्म सॉ खरोखरच ओढून वापरतात, आणि जुनी चित्रं पाहणाऱ्याला दोन्ही यंत्रं सारखीच वाटतात. स्लायडिंग मायटर सॉचा क्रम उलटा आहे. बंद डोकं पूर्ण पुढे ओढायचं, पातं चालू करायचं, वेग घेतला की लाकडात उतरवायचं आणि मग फेन्सकडे ढकलत न्यायचं. पात्याचे खालचे दात लाकूड फेन्सकडे रेटतात, म्हणून ढकलताना लाकूड जागीच दाबलेलं राहतं. ओढताना तेच दात लाकडावर चढू पाहतात आणि पातं एकदम वापरणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतं. काप संपल्यावर डोकं खालीच धरून स्विच सोडायचा आणि पातं थांबल्यावरच वर उचलायचं. फिरतं पातं उचललं तर सुटलेला तुकडा उडतो, आणि उडाला नाही तरी कापाच्या कडेवर दातांचे ओरखडे राहतात. हात पात्याच्या वाटेपासून सहा इंच लांब. त्याहून आखूड तुकडा कापायचा तर क्लॅम्प लावायचा.

आपल्या साईटवर हे जास्तच सांगावं लागतं, कारण मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून पट्ट्या कापायची रीत इथे सर्रास आहे. हातातलं ते यंत्र मनाला येईल तसं पुढेमागे चालवणारा माणूस स्लायडरसमोर उभा राहिला की त्याच सवयीने डोकं ओढतो.

“नवीन यंत्र आहे, ४५ म्हणजे ४५च,” हाही एक समज. कारखान्यातून निघालेलं यंत्र ट्रक, गोदाम आणि जिना यांतून येतं. फेन्स पात्याला काटकोनात आहे का, हे गुण्याने पाहावंच, पण त्याहून सोपी परीक्षा आहे. रुंद, सरळ कडेची फळी सरळ कापायची, एक तुकडा पालथा घालायचा आणि दोन्ही कडा एकमेकींना भिडवायच्या. दिसणारी फट ही चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीक चूकही लपत नाही. अर्ध्या अंशाची चूक ऐकायला किरकोळ वाटते. चार इंची पट्टीवर ती एका तुकड्याला ०.९ मिलिमीटर भरते आणि कोपऱ्यात दोन तुकडे मिळाले की पावणेदोन. चौकोनी फ्रेममध्ये आठ काप असतात, म्हणजे शेवटचा कोपरा चार अंशांनी उघडा. मग लांबी भरा आणि रंगाऱ्याला साकडं घाला.

यंत्र बिनचूक लावलं तरी भिंतीचा भरवसा नसतो. प्लास्टरचे कोपरे ९१, ९२, कधी ८८ अंशांचे निघतात. ९२ अंशांच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी ४५ मारला तर फट येणारच. तिथे ४४-४४ मारायला हवेत. कोपरा मापायला सरकत्या पात्याचा गुण्या पुरतो. आतल्या कोपऱ्यात तर अनुभवी सुतार मायटर टाळतात. एक पट्टी भिंतीपर्यंत सरळ नेतात आणि दुसरी पहिलीच्या नक्षीवर बसेल अशी कोरतात. लाकूड ओलाव्याने थोडं आत-बाहेर झालं तरी तो जोड उघडा पडत नाही.

छताजवळच्या कॉर्निसचा घोटाळा याहून मोठा. अनेक स्लायडरवर ३१.६ आणि ३३.९ अशा विचित्र खुणा असतात. त्या भिंतीशी ३८ अंशांत बसणाऱ्या मोल्डिंगसाठी आहेत: टेबल ३१.६ आणि पात्याचा कल ३३.९, तेही मोल्डिंग आडवी ठेवून आणि कोपरा ९० अंशांचा असेल तरच. ४५ अंशांत बसणाऱ्या मोल्डिंगला हेच आकडे ३५.३ आणि ३० होतात. त्या खुणा पाहून ४५ची पट्टी कापली तर ती कुठल्याच कोपऱ्यात बसत नाही. आकड्यांचा त्रास नको असेल तर मोल्डिंग उलटी उभी करावी, म्हणजे छताची कड टेबलावर आणि भिंतीची कड फेन्सला. मग पात्याला कल न देता फक्त ४५चा मायटर मारता येतो. दोन्ही बाजूंना कलणाऱ्या महागड्या यंत्राचं आकर्षणही इथे बरंचसं ओसरतं. पट्टी फिरवून ठेवली की एका बाजूला कलणारं यंत्रही तेच काम करतं, थोडी हातचलाखी लागते एवढंच.

लेझरबद्दल थोडक्यात. त्याची रेघ पात्याच्या एका बाजूला असते, कधी हलते, आणि पातं बदलल्यावर खात्री केलेली बरी. पात्याच्या सावलीवर चालणारा दिवा त्याहून भरवशाचा, कारण सावली पात्याची स्वतःचीच असते.

किमतीचा विचार करताना पात्याचे पैसे बाजूला ठेवायला हवेत. यंत्रासोबत येणारं पातं बऱ्याचदा २४ ते ४० दातांचं आणि बांधकामाच्या लाकडासाठी असतं. दहा इंची फिनिशिंगला ६० ते ८० दात लागतात. स्लायडरसाठी आणखी एक अट: दातांचा पुढे झुकाव थोडा किंवा उणा असावा, नाहीतर पातं लाकडावर चढतं. सनमायका किंवा एमडीएफवर खालच्या आणि मागच्या कडेला कपच्या उडतात. पट्टीच्या मागे टाकाऊ फळी लावली आणि कापाच्या रेघेवर टेप चिकटवली तर त्या बऱ्याच कमी होतात.

आठ बाय चारची प्लाय या यंत्रावर कापायची आस मात्र सोडलेली बरी. त्याला टेबल सॉ किंवा ट्रॅक सॉ लागतो. फळी लांबीच्या दिशेने उभी चिरणं हेही याचं काम नव्हे. भुशाचं म्हणाल तर मागे लटकवलेली पिशवी बरीचशी शोभेची असते. बारीक धूळ तिच्यात थोडीच जाते, बाकी खोलीभर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली. त्यामुळे व्हॅक्युम जोडता येईल अशा तोंडाचं यंत्र घ्यावं आणि तरीही मास्क लावावा.

दुकानात करायची एक तपासणी वीज नसतानाही होते. डोकं पूर्ण बाहेर ओढायचं, लाकडात उतरवल्यासारखं खाली धरायचं आणि मूठ डावी-उजवीकडे हलवायची. हलकी लवचीकता सगळ्यांत असते. पात्याचं टोक नजरेला स्पष्ट सरकताना दिसलं, तर तेवढीच चूक रुंद फळीच्या शेवटी उमटेल आणि ती कुठल्याही स्क्रूने काढता येणार नाही. ओढून झाल्यावर तीच परीक्षा पात्याला ४५ अंश कल देऊन पुन्हा करावी, कारण डोक्याचं वजन एका बाजूला झुकलं की दांड्यांचा खरा कस तिथे लागतो.