राधामाधवविलासचंपू : बंगळूरच्या दरबारातील शृंगार आणि युद्ध

१६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखालील आदिलशाही फौजेने केंपेगौडांकडून बंगळूर घेतले व पुढे ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. मोहिमांच्या या ठाण्यावर अनेक भाषांचे कवी व पंडित आश्रयाला आले. त्यांपैकी जयराम पिंड्ये याने राजांपुढे बारा नारळ ठेवून आपले बारा भाषांतील काव्यसामर्थ्य सुचविले, अशी प्रसिद्धी आहे. ‘राधामाधवविलासचंपू’ हा त्याचा गद्यपद्यमिश्रित ग्रंथ याच दरबाराशी निगडित आहे.

ग्रंथाची रचना लक्षणीय आहे. प्रारंभीच्या उल्लासांचा विषय राधा-माधवाचा शृंगार हा आहे. पुढील उल्लासांत शहाजीराजांचा पराक्रम व दरबार येतो. अखेरीस विविध भाषांतील कवने येतात. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष साहजिकच उत्तरार्धावर राहिले. पूर्वार्ध हा केवळ काव्यसंकेत मानला गेला. मात्र हे दोन भाग एकत्र वाचल्यास एक महत्त्वाची विभागणी दिसते. प्रेम हा पौराणिक पात्रांचा अधिकार ठरतो, तर युद्ध हा ऐतिहासिक पुरुषाचा.

या विभागणीची कसोटी जिजाबाईंच्या उल्लेखात लागते. जयरामाच्या प्रसिद्ध मराठी कवनात त्या पतीला शोभणारी पत्नी आणि कीर्तीची सावली देणारी माउली म्हणून येतात. फुलांची उपमा आहे, गौरव आहे. परंतु प्रेयसीची वाणी नाही. प्रत्यक्षात राजे कर्नाटकाच्या मोहिमांत आणि जिजाबाई पुणे प्रांती, असा दीर्घ वियोग या कुटुंबाने अनुभवला होता. राजस्त्रीच्या मनोव्यथेचे वर्णन मर्यादेला धरून नव्हते. राधेच्या बाबतीत तशी आडकाठी नव्हती.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हरि नारायण आपटे यांच्या ‘वज्राघात’ने ही मर्यादा ओलांडली. १५६५ मधील विजयनगरच्या पाडावाच्या कथेत त्यांनी रामराजा व मेहेरजान यांचे प्रेम मध्यवर्ती केले. येथे प्रेमिक हा स्वतःच राज्यकर्ता आहे आणि त्याच्या खाजगी जीवनाचे परिणाम राज्याला भोगावे लागतात. पुराण कथानकातून बाजूला झाले, तरी शीर्षकातील इंद्राच्या वज्राच्या रूपाने ते उरले आहे.

त्यामुळे युद्धकालीन प्रेमकथेचा मराठी इतिहास केवळ कादंबरीपासून आरंभता येत नाही. बंगळूरच्या चंपूत प्रेम आणि युद्ध एकाच ग्रंथात शेजारी नांदतात, पण एकाच व्यक्तीच्या वाट्याला येत नाहीत. ही दरी कादंबरीने कशी मिटवली, हे समजण्यासाठी चंपूच्या दुर्लक्षित पूर्वार्धाचे वाचन आवश्यक ठरते.