नागरी हक्कांची वाट (भाग ७) : मत मागितले, घर गेले

मागच्या भागात मॉन्टगोमेरीचा बस-बहिष्कार पाहिला. त्या आंदोलनाला शहरातल्या चर्चचा आधार होता. आज जायचे आहे मिसिसिपीच्या डेल्टात. तिथे काळ्या मजुराचे घर, उधारी आणि मजुरी एकाच गोऱ्या मळेवाल्याच्या हाती असे.

फॅनी लू हेमर १९१७ मध्ये जन्मल्या, वीस भावंडांत धाकट्या. आईवडील बटाईने कापूस पिकवत. सहाव्या वर्षी त्याही वेचणीला लागल्या आणि शाळा लवकरच सुटली. १९६१ मध्ये गाठ काढण्यासाठी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकले. मिसिसिपीत गरीब काळ्या बायकांच्या वाट्याला हे सर्रास येत असे.

आपल्यालाही मतदानाचा हक्क आहे, हे त्यांना कळले ऑगस्ट १९६२ मध्ये, रूलव्हिलच्या एका चर्चमधल्या सभेत. तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. ३१ ऑगस्टला सतरा जणांसोबत बसने त्या इंडियनोलाच्या न्यायालयात नाव नोंदवायला गेल्या. तिथे राज्यघटनेतले एखादे कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायचा असे. तो बरोबर की चूक, हे गोरा अधिकारी ठरवणार. पण मला त्या परीक्षेपेक्षा अर्जातला एक साधा प्रश्न जास्त क्रूर वाटतो : तुम्ही कोणाकडे काम करता? उत्तर लिहिले, की मालकाला खबर गेलीच.

हेमर नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली. बसचा पिवळा रंग शाळेच्या बससारखा दिसतो, म्हणून चालकाला दंड ठोठावला. मळ्यावर पोहोचेपर्यंत मालकाला सगळे कळले होते. अर्ज मागे घे, नाहीतर चालती हो, असे त्याने बजावले. मी नाव नोंदवायला गेले ते माझ्यासाठी, तुमच्यासाठी नव्हे, असे सांगून अठरा वर्षे राबलेला मळा त्यांनी त्याच रात्री सोडला. नवऱ्याला मात्र वेचणी संपेपर्यंत थांबावे लागले. दहा दिवसांनी, त्यांना आसरा देणाऱ्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या.

पुढे मतनोंदणीच्या चळवळीत काम करताना त्यांना अटक झाली आणि जून १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांकरवी त्यांना मारहाण करवली. मूत्रपिंडाची इजा जन्मभर राहिली. हे सारे त्यांनी २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, मिसिसिपीच्या काळ्यांनाही प्रतिनिधित्व मिळावे म्हणून, पक्षाच्या समितीपुढे सांगितले. कॅमेरे तिथून हटावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांना बोलावले. वाहिन्यांनी ती साक्ष रात्री दाखवलीच. तडजोड म्हणून देऊ केलेल्या प्रतिनिधींच्या दोन जागा हेमर यांनी धुडकावल्या.

बहुतेक लेखक इथेच थांबतात. मला त्यांचे पुढचे काम तितकेच मोठे वाटते. १९६५ चा मताधिकार कायदा आला, पण मालकाच्या जमिनीवर राहणाऱ्याला मत देणे अजूनही परवडत नव्हते. त्यात वेचणी यंत्रांनी मजुरीही खाल्ली. म्हणून १९६९ मध्ये हेमर यांनी सहकारी ‘फ्रीडम फार्म’ उभा केला. सुरुवात चाळीस एकरांनी झाली. भाजीपाला गरजू घरांत जाई. गरीब कुटुंबाला डुकरीण मिळे. ती व्याली की काही पिले परत द्यायची, म्हणजे पुढच्या घराची सोय होई. पैशांची ओढाताण आणि हेमर यांचे ढासळते आरोग्य यांमुळे सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ही शेती बंद पडली. १९७७ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, त्या गेल्या.