ओढ्याच्या दोन काठांवरचे गाव

इतिहासाच्या पुस्तकांत राजधान्यांना, रणांगणांना आणि तहांना स्थान मिळते. खेड्यांना ते क्वचितच लाभते. तथापि एखादा तह सामान्य माणसाच्या अंगणापर्यंत येऊन पोहोचला म्हणजे काय घडते, हे समजून घ्यावयाचे असेल तर खेड्याकडेच वळले पाहिजे. जर्मनीतील म्योडलारॉइट हे असेच एक खेडे होय. वस्ती उणीपुरी पन्नास माणसांची, परंपरेचा व्यवसाय शेतीचा, आणि गावाच्या मधून वाहणारा टानबाख नावाचा ओढा. हा ओढा इतका अरुंद की, धडधाकट मुलाने तो एका उडीत ओलांडावा!

१८१० मध्ये या ओढ्याच्या काठाने सीमेचे दगड रोवण्यात आले. एका काठावर बव्हेरियाचे राज्य, तर दुसऱ्या काठावर रॉइस घराण्याचे चिमुकले संस्थान. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले आणि ते संस्थान थुरिंजिया प्रांतात विलीन झाले. सीमा मात्र होती तेथेच राहिली. तरीही शतकाहून अधिक काळ तिचा कोणास उपद्रव झाला नाही. शाळा व खाणावळ थुरिंजियाच्या बाजूस, आणि चर्च बव्हेरियातील ट्योपन गावी. त्यामुळे दोन्ही काठांची माणसे नित्य एकमेकांकडे जात-येत. सीमा होती ती केवळ सरकारी दप्तरात.

१९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झाला. जेत्या राष्ट्रांनी देशाचे चार विभाग पाडले, तेव्हा येथे जुनी प्रांतसीमाच उपयोगात आणली. थुरिंजिया सोव्हिएत रशियाकडे गेला, बव्हेरिया अमेरिकेकडे. १९४९ मध्ये या विभागांतून दोन स्वतंत्र जर्मन राज्ये निर्माण झाली आणि गावचा ओढा दोन राज्यांची सरहद्द बनला.

पूर्व जर्मनीतून लक्षावधी लोक पश्चिमेकडे निघून जात होते. त्यांस थोपविण्यासाठी मे १९५२ मध्ये तेथील सरकारने सरहद्द बंद केली. सरहद्दीलगत १० मीटर रुंदीचा नांगरलेला पट्टा, ५०० मीटरांपर्यंत कडक पहारा आणि ५ किलोमीटरांपर्यंत परवान्याशिवाय प्रवेशास बंदी, अशी ती व्यवस्था होती. ज्यांच्या निष्ठेविषयी सरकारला शंका होती, अशा कुटुंबांना या पट्ट्यातून बळजबरीने हलविण्यात आले. म्योडलारॉइटमध्ये प्रथम लाकडी कुंपण आले आणि १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची, तीन मीटरांहून उंच अशी काँक्रीटची भिंत उभी राहिली. अमेरिकन सैनिक या गावास ‘छोटे बर्लिन’ म्हणू लागले. पलीकडच्या आप्तास नुसता हात हालवून खुणावणेही पूर्वेकडील रहिवाशांना निषिद्ध होते.

शेतीचेही दोन मार्ग झाले. पूर्व जर्मनीत १९६० पर्यंत बहुतेक सर्व शेतकऱ्यांना सामुदायिक शेतीत सामील व्हावे लागले. पश्चिमेकडे शेते खाजगी मालकीची राहिली, परंतु यंत्रे आली तसतशी शेतकऱ्यांची संख्या घटत गेली. माती एक, हवा एक. पण जीवनक्रम निराळा!

९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत खुली झाली. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, ९ डिसेंबर रोजी, म्योडलारॉइटमध्ये पायी येण्याजाण्यासाठी वाट मोकळी करण्यात आली. १७ जून १९९० रोजी भिंत पाडावयास प्रारंभ झाला आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला जर्मनी एक झाली. पुढील पिढ्यांस पाहता यावा म्हणून भिंतीचा काही भाग जतन केला असून तेथे आता संग्रहालय आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भिंत गेली, तरी सीमा गेलेली नाही. आजही गावाचा एक भाग बव्हेरियात व दुसरा थुरिंजियात मोडतो. नगराध्यक्ष दोन, टपालाचे क्रमांक दोन. इतकेच नव्हे, तर एका काठावर ‘ग्र्यूस गॉट’ म्हणून अभिवादन करतात, तर दुसऱ्या काठावर ‘गुटन टाग’ म्हणून. परंतु या भेदाने आता कोणाचे अडत नाही. राज्यकारभारासाठी सीमा आखाव्या लागतात, आणि त्यांच्यासह माणसे सुखाने नांदू शकतात, हे या गावाने १८१० नंतरच्या शतकात दाखविले होते. दुःखाचे मूळ सीमेच्या रेषेत नव्हते. ती ओलांडू पाहणाऱ्या माणसास शत्रू मानण्यात होते.