अर्बुद-दर्शके, बृहदांत्र व गुदांत्र कर्करोगातील

अर्बुद-दर्शके, बृहदांत्र व गुदांत्र कर्करोगातील : कर्करोगाच्या गाठीत (अर्बुदात) किंवा रोग्याच्या रक्तात आढळणारी आणि रोगाचे स्वरूप, फलानुमान वा उपचारांना मिळणारा संभाव्य प्रतिसाद दर्शविणारी प्रथिने व जनुकीय बदल यांना अर्बुद-दर्शके म्हणतात. बृहदांत्र (मोठे आतडे) व त्यापुढील गुदांत्र यांच्या कर्करोगात सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींचे वर्तन पुष्कळदा भिन्न असते; एका रोग्यास गुणकारी ठरणारे औषध दुसऱ्यास निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरते. हा भेद उपचारांपूर्वी ओळखणे हे दर्शकांचे मुख्य कार्य होय. [⟶ कर्करोग].

रक्तातील दर्शक : नित्य वापरातील सर्वांत जुने दर्शक म्हणजे कार्सिनोएंब्रिऑनिक प्रतिजन, संक्षेपाने सी. ई. ए. फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी हे शर्करायुक्त प्रथिन कॅनडातील माँट्रिऑल येथे १९६५ मध्ये बृहदांत्राच्या अर्बुदांत शोधून काढले. भ्रूणाच्या आतड्यातही ते आढळते. निरोगी व्यक्तीच्या रक्तात त्याचे प्रमाण सामान्यतः दर मिलिलिटरमध्ये ५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असते. धूम्रपान, यकृताचे काही रोग व आतड्याचा चिरकारी दाह यांतही ते वाढते. उलट प्रारंभीच्या कर्करोगात पुष्कळदा वाढत नाही. म्हणून निरोगी लोकांत रोग हुडकण्यासाठी ही परीक्षा उपयोगी नाही. तिचा खरा उपयोग शस्त्रक्रियेनंतर होतो. गाठ संपूर्ण काढल्यावर वाढलेले प्रमाण काही आठवड्यांत पूर्ववत होते. ते पुन्हा चढू लागल्यास रोग उलटल्याचा संशय येतो. यकृतापुरता मर्यादित प्रसार वेळीच सापडल्यास तो शस्त्रक्रियेने काढून काही रोगी पूर्ण बरे होऊ शकतात. याकरिता पहिली दोन वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी व पुढे पाच वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी रक्त तपासण्याची पद्धत आहे.

रास व ब्राफ जनुके : कोशिकेच्या (पेशीच्या) पृष्ठभागावरील ई. जी. एफ. आर. हा ग्राही वाढीचे संदेश आत पोहोचवितो. सेटुक्सिमॅब व पॅनिटुमुमॅब ही प्रतिपिंडे त्यास अडवितात. परंतु या ग्राहीच्या पुढील टप्प्यावरील रास प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तन झाले असल्यास संदेश अखंड चालूच राहतो व ग्राही अडवून काहीच साधत नाही. केरास या जनुकाबाबत हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिकित्सा-परीक्षांतून स्पष्ट झाले. दूरवर पसरलेल्या रोगाच्या सु. निम्म्या रोग्यांत रास गटातील उत्परिवर्तन आढळते. या रोग्यांना महागड्या व त्वचेवर तीव्र पुरळ उठविणाऱ्या औषधापासून वाचविणे हा या परीक्षेचा मोठा लाभ होय. ब्राफ जनुकातील व्ही६००ई हे उत्परिवर्तन सु. ८ ते १० टक्के रोग्यांत आढळते. त्यात फलानुमान प्रतिकूल असते. तथापि एन्कोराफेनिब व सेटुक्सिमॅब ही औषधे एकत्र दिल्याने आयुर्मान वाढते, असे २०१९ मध्ये दिसून आले.

डीएनए-दुरुस्तीतील दोष : डीएनएची प्रत तयार होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ व पीएमएस२ या प्रथिनांपैकी एखादे नष्ट झाल्यास उत्परिवर्तने साचत जातात. हा दोष सर्व रोग्यांपैकी सु. १५ टक्क्यांत, तर दूरवर पसरलेल्या रोगात सु. ५ टक्क्यांत आढळतो. त्यावरून तीन निर्णय होतात. लसीका ग्रंथींपर्यंत न पोहोचलेल्या, दुसऱ्या अवस्थेतील रोगात फलानुमान चांगले असते व केवळ फ्ल्युओरोयुरॅसिलाचा लाभ होत नसल्याने ते टाळता येते. पसरलेल्या रोगात प्रतिरक्षा-चिकित्सा गुणकारी ठरते : २०२० मध्ये जाहीर झालेल्या एका परीक्षेत पेंब्रोलिझुमॅबामुळे रोग न वाढता गेलेला मध्यम काळ १६·५ महिने, तर रासायनी चिकित्सेने ८·२ महिने होता. तिसरे म्हणजे, हा दोष आनुवंशिक (लिंच लक्षणसमूह) असू शकतो. तसा तो ठरल्यास रोग्याच्या नातलगांची जनुकीय तपासणी व दोष आढळल्यास नियमित दुर्बिणीतून आतडेतपासणी करून त्यांचा कर्करोग टाळता येतो किंवा लवकर ओळखता येतो. न्यूयॉर्क येथे २०२२ मध्ये असा दोष असलेल्या गुदांत्र कर्करोगाच्या पहिल्या १२ रोग्यांची गाठ केवळ डॉस्टार्लिमॅबाने, शस्त्रक्रिया व किरण उपचारांवाचून नाहीशी झाल्याचे प्रसिद्ध झाले.

अर्बुदाचे डीएनए : शस्त्रक्रियेनंतर रक्तात अर्बुदाच्या डीएनएचे तुकडे सापडल्यास रोग शिल्लक असल्याचे सूचित होते. दुसऱ्या अवस्थेतील ४५५ रोग्यांवर ऑस्ट्रेलियात केलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत या दर्शकानुसार उपचार ठरविल्याने रासायनी चिकित्सा घेणाऱ्यांचे प्रमाण २८ वरून १५ टक्क्यांवर आले. दोन वर्षांत रोग न उलटलेल्यांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले.

मर्यादा : अपुरा किंवा नीट न जतन केलेला ऊतक-नमुना परीक्षेचा निष्कर्ष बिघडवितो, म्हणून मेणात जतन केलेला नमुना सांभाळून ठेवणे इष्ट असते. एकाच रोग्यातील गाठींत, तसेच उपचारांच्या ओघात जनुकीय बदल भिन्न होऊ शकतात. कोणतेही दर्शक रोगाची अवस्था, गाठीचे स्थान व रोग्याची प्रकृती यांच्या विचाराची जागा घेऊ शकत नाही. ज्या परीक्षेच्या निष्कर्षाने उपचार बदलणार नाहीत, तिचा खर्च रोग्यावर लादणे अयोग्य. परंतु ज्या परीक्षेवर औषधाची निवड अवलंबून आहे, ती न करता औषध देणेही तितकेच अयोग्य होय.